सूर धरणारा

मोदी गणपतीवरून नदीच्या अंगाला उतरलं की नारायण पेठेत पूर्वी वाड्याला वाडा लागून होता. त्यातल्या एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत सनईवाल्यांचं बिऱ्हाड होतं. दोघे भाऊ. थोरल्याला सगळी पेठ दादा म्हणे, धाकट्याला तात्या. लग्न, मुंज, वास्तुशांत, गणपती, नवरात्र, कुठंही मांडव पडला की सुपारी या घरी यायची. मांडवाच्या दाराशी माचा बांधलेला असे. त्यावर मधोमध चौघड्यापाशी एक म्हातारे काका, त्यांच्या उजव्या हाताला दादा आणि डाव्या हाताला तात्या.

लोक बघायचे ते दादाकडे. त्याची बोटं सनईवरून पळायची, मान डोलायची, भुवया वर जायच्या. तात्याची बोटं जागची हलत नसत. त्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली. तीतून निघायचा एकच सूर, षड्ज, आणि तो पहिल्या फुंकरीपासून शेवटपर्यंत तुटायचा नाही. वाड्यातल्या पोरांनी त्याचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. मोठी माणसं तसं बोलत नसत, पण समजत तसंच. एक माणूस जोडीला लागतो, म्हणून बसवलाय.

हे काम किती अवघड आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. गालांत हवा साठवायची, ती गालांनीच हळूहळू सनईत ढकलत राहायची आणि त्याच क्षणी नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. या दोघांच्या वडलांनी ते शिकवलं पपईच्या पानाच्या देठावर. पोकळ देठाचं एक टोक तांब्यातल्या पाण्यात, दुसरं तोंडात. फुंकायचं, आणि पाण्यातले बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. दोघांनी लहानपणी सारखेच धपाटे खाल्ले. मग वडलांनी दोघांना सूरच धरायला लावला, तोही वर्षानुवर्षं. पुढं केव्हातरी थोरला म्हणून दादाच्या हातात भोकांची सनई आली आणि धाकटा म्हणून तात्या होता तिथंच राहिला. कोण जास्त सुरेल, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नाही. आपल्याकडे पुष्कळ वाटण्या अशाच होतात.

सूर धरणारा सगळीकडेच मागं राहतो. दक्षिणेत नागस्वराच्या जोडीला अशाच एकसुरी वाद्याचा, ओत्तूचा, साथीदार असे. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी श्रुतिपेटीनं घेतली आहे. विलायतेत मात्र वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या वाद्यवृंदात ओबो नावाचं एक वाद्य असतं. दुहेरी पत्तीचं, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलंच. वादनाआधी ओबोवाला एक सूर लावतो आणि व्हायोलिनांपासून पितळी हॉर्नपर्यंत सगळे आपापलं वाद्य त्याच्याशी जुळवून घेतात. म्हणजे तिथं सगळे सुराकडे येतात. नारायण पेठेतल्या त्या माचावर काय चाललं होतं, ते पुढं कळेलच.

पन्नास सालानंतरचा तो काळ सनईला मोठा चांगला होता. 1947 साली स्वातंत्र्याच्या वेळी बिस्मिल्ला खाँसाहेबांनी लाल किल्ल्यावर सनई वाजवली, तेव्हापासून देवळाच्या आणि मांडवाच्या दाराशी बसणारं हे वाद्य मैफलीच्या गादीवर बसलं, असं लोक म्हणू लागले. पुण्यात तर शंकरराव गायकवाडांच्या सनईच्या तबकड्या त्याआधीपासून होत्या. 1953 साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला पुण्याचं आकाशवाणी केंद्रही सुरू झालं. पुढं 1959 मध्ये ‘गूंज उठी शहनाई’ आला. संगीत आपल्या वसंत देसाईंचं, सनई खाँसाहेबांची. दादानं तो सिनेमा इतक्यांदा पाहिला, की डोअरकीपर त्याला नावानं ओळखू लागला.

तिथून त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपण वाजंत्री नाही, आपण सनईवादक. लग्नात माचावर बसायचं, शेवटच्या पंगतीला जेवायचं आणि नारळ घेऊन मागच्या दारानं निघायचं, हे किती दिवस? यात खोटं काहीच नव्हतं. माणसानं माचावरून गादीवर जावं असं का वाटू नये? चुकलं ते पुढं. गादीवर जायचं तर माचावरचं काय काय मागं टाकायचं, याचा हिशेब करताना दादानं पहिलं नाव तात्याचं धरलं.

रेडिओच्या ऑडिशनचा अर्ज त्यानं 1960 मध्ये भरला. तारीख आली. आदल्या रात्री तात्या नेहमीसारखा कोपऱ्यात पत्त्या घडवत बसला होता. घरातल्या सगळ्या पत्त्या तोच करायचा: गवताची नळी भिजवून चपटी करायची, बारीक नळीवर दोऱ्यानं आवळायची, पात्यानं तासायची, ओठांत धरून बघायची, पुन्हा तासायची. दहांतली एखादी मनासारखी उतरते. अशा दोन उत्तम पत्त्या दोऱ्यानं दादाच्या सनईला बांधून तो म्हणाला, “किती वाजता निघायचं?”

“तू नको येऊस,” दादा म्हणाला. “तिथं तंबोरा असतो.”

तात्यानं पातं पुसलं. “बरं,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादानं तोडी घेतली. सुरुवात झकास झाली. काही मिनिटांनी त्याला वाटलं, तंबोरा उतरला. त्यानं हात करून थांबवलं. तंबोरेवाल्यानं तारा पाहिल्या, जुळवल्यासारखं केलं आणि मान हलवली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दादानं सरळ सांगितलं, “तुमचा तंबोरा राहत नाही.” तो भला माणूस काही बोलला नाही. काचेपलीकडची माणसंही काही बोलली नाहीत. महिन्यानं पत्र आलं, ते नकाराचं.

मग दादानं पेठभर सांगितलं: तंबोरा भिकार होता, सनईची जाण तिथं कुणाला नाही, वशिल्याशिवाय काही होत नाही. पारावर अशा गोष्टी लगेच पटतात. पटलं नाही ते फक्त काकांना. एका लग्नाहून परतताना केसरीवाड्यापाशी त्यांनी दादाला थांबवलं.

“तंबोरा बरोबर होता,” काका म्हणाले. “तू चढतोस.”

“मी?”

“सनई तापली की थोडी चढतेच, ते सगळ्यांचंच होतं. पण तुला कुणी वाहवा म्हटलं की तू ओठ आवळतोस. घाबरलास तरी आवळतोस. पत्ती दाबली की सूर वर जाणारच.”

“वीस वर्षं वाजवतोय काका. एकानं तरी म्हटलं का, दादा बेसूर झाला म्हणून?”

“कसं म्हणतील? तू वर गेलास की तात्या तुझ्यामागं वर जातो. तोही ओठ आवळतो, अगदी तुझ्याइतकाच. दोघं मिळून चढता, मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं? मी मधे बसतो, मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“माझं काम टिपरी मारायचं,” काका म्हणाले आणि चालू लागले.

दादाचा विश्वास बसला नाही. पण त्या रात्री त्याला झोपही लागली नाही. सकाळी त्यानं शेजारच्या भजनी मंडळातून पेटी आणली, बायकोला एक पट्टी दाबून भाता हलवत बसायला सांगितलं आणि वाजवायला सुरुवात केली. पेटीची पट्टी काही कुणाच्या मागं जात नाही. थोड्या वेळानं त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बोधकथेतला माणूस इथं शहाणा होतो. दादा तसा झाला नाही. तो संतापला, आणि संतापला तो तात्यावर. आत जाऊन त्यानं तात्याला उठवलं. “वीस वर्षं तुला ठाऊक होतं. वीस वर्षं तू मला फसवलंस. मी चढलो तेव्हा जागचा हलला नसतास, तर मला तिथल्या तिथं कळलं असतं. आज माझी शोभा झाली ती तुझ्यामुळं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?” तात्यानं विचारलं.

“तो माझा प्रश्न होता!”

ही गोष्ट ऐकणारे बहुतेक जण इथं तात्याची बाजू घेतात. मला तसं सरळ करता येत नाही. तात्यानं केलं ते प्रेमानं केलं, भावाची लाज राखायला केलं, यात शंका नाही. पण वीस वर्षं रोज झाकलेली चूक ही मुळातल्या चुकीपेक्षा मोठी होऊन बसते. आणि खरं सांगायचं, तर सांभाळून घेणाऱ्याच्या मनात एक बारीक सुखही असतं: हा माझ्यावाचून उभा राहू शकत नाही, आणि ते मलाच ठाऊक आहे. तात्याला ते सुख होतं की नव्हतं, कोण सांगणार? पण दादाचं बोलणं त्याला लागलं, ते निव्वळ खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

अबोला धरला. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरणं म्हणजे वहिनीच्या जिवाला घोर. “त्यांना म्हणावं, पाणी तापलंय.” “त्यांना म्हणावं, कळलं.” तात्या एका बँडमध्ये जाऊ लागला. तिथंही त्याच्या वाट्याला सगळ्यांत मागं चालणारं मोठं पितळी वाद्य आलं आणि त्यातला खर्ज. लक्ष्मी रस्त्यावरून वरातीत तो क्लॅरिओनेट आणि ट्रंपेटच्या मागं गाल फुगवून चालायचा. दादानं सुरासाठी रोजावर एक पोरगा ठेवला. त्याचा दम पुरायचा नाही, सूर मधेच गचका खायचा, आणि दादा चढला की तो बिचारा गांगरून कुठंही जायचा. सुपाऱ्या कमी झाल्या. लोकांना कारण सांगता येत नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, “हल्ली दादाच्या सनईत पूर्वीचा गोडवा नाही.”

अशात 12 जुलै 1961 उजाडला. पानशेतचं धरण फुटल्याची बातमी आली. काहींनी ती अफवा समजली, काही पाणी बघायला लकडी पुलावर गेले. मग खडकवासल्याचंही फुटलं. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, आणि नारायण पेठेचा नदीकडचा भाग तर त्याच्या तोंडावरच होता. माणसं हाताला लागेल ते घेऊन उंचावरच्या पेठांकडे, पर्वतीकडे पळाली. या घरची माणसं वाचली. मातीच्या भिंतींचा वाडा भिजून खचला.

पाणी ओसरल्यावर राहिला तो गुडघाभर चिखल. दोघे भाऊ, अबोला न मोडता, आपापल्या कोपऱ्यातला चिखल उपसत होते. सनयांची पेटी तिसऱ्या दिवशी तुळईखाली सापडली. पत्त्या सगळ्या गेल्या होत्या. दादानं घाईनं आपली सनई धुतली आणि उन्हात ठेवली. भिजलेलं लाकूड भराभर वाळलं आणि उभं तडकलं. तात्यानं आपली सावलीत ठेवली, तेलाचं बोट फिरवत राहिला. ती राहिली.

दोन महिन्यांनी गणपती आले. पेठेत पडक्या भिंती तशाच होत्या, पण मंडळाची मुलं वर्गणी काढत फिरत होती. ती दादाच्या दाराशी आली. “दादा, दहा दिवस सनई हवी.”

“सनई नाही,” दादा म्हणाला. “फुटली.”

आतून आवाज आला, “वहिनी, त्यांना म्हणावं, आहे.”

तात्या बाहेर आला तो स्वतःची सनई घेऊन. त्यानं तिच्या भोकांतलं मेण कोरून काढलं होतं, एकेक भोक कोळशाच्या काळ्या खुणेपर्यंत साफ केलं होतं. ती त्यानं दादापुढं ठेवली आणि दादाची तडकलेली उचलली. तडीवर लाख भरून वरून सुती दोरा गच्च गुंडाळला, भोकं मेणानं बुजवली. तिला गाणं वाजवायचं नव्हतं. एक सूर निघाला की पुरे होतं.

पहिल्या संध्याकाळी यमन सुरू झाला. समोर फार माणसं नव्हती. थोड्या वेळानं एक आजोबा म्हणाले, “वा, दादा!” दादाचे ओठ आवळले. सनई केसभर वर गेली. तात्या गेला नाही.

जवळजवळच्या दोन सुरांची टक्कर झाली की आवाज थरथरायला लागतो. सतारीच्या तारा जुळवताना ही थरथर कुणीही ऐकलेली असते. मांडवात ती अशी काही उठली, की पुढच्या रांगेतल्या पोरानं कानांवर हात ठेवले. दादानं डावीकडे पाहिलं. डोळे वटारले. भुवयांनी खूण केली: वर ये. तात्याचे डोळे मिटलेले होते. काकांच्या टिपऱ्यांत फरक पडला नाही. मग दादाला दुसरा इलाज उरला नाही. त्यानं ओठ सैल केले आणि भर मांडवात, सगळ्यांदेखत, खाली उतरला. उतरून षड्जावर आला तेव्हा थरथर थांबली.

असं त्या रात्री किती वेळा झालं, ते काकांनाच माहीत. दुसऱ्या दिवशीही झालं. मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं म्हणूनही टाकलं, “पुरात सनई बिघडलेली दिसते.” चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत दादाला टक्कर व्हायच्या आधीच कळू लागलं. ओठ आवळतायत हे ओठांनाच उमगायचं. बोटांची फिरत कमी झाली, एकेका सुरावर तो थांबू लागला. आजोबा वाहवा म्हणायचे बंद झाले आणि डोळे मिटून बसू लागले.

सहाव्या दिवशी चहा पिताना दादानं मधे वहिनीला न घालता विचारलं, “पहिल्या दिवशी वर का नाही आलास?”

“फुटकी सनई,” तात्या म्हणाला. “लाख भरलीय. चढत नाही ती.”

काकांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. त्याच सनईवर तात्यानं सकाळी नवी पत्ती तपासताना सूर सरळ एक पट्टी वर नेऊन आणला होता, तो त्यांनी ऐकला होता. ते काही बोलले नाहीत. दादा मात्र काकांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला जे कळायचं ते कळलं असावं, कारण त्यानं पुढं काही विचारलं नाही.

विसर्जन झालं. मंडळानं बिदागी दिली. त्या घरात बिदागीचे वाटे वडलांपासून ठरलेले होते: सनईचे दोन, चौघड्याचा एक, सुराचा अर्धा. दादानं पैसे चटईवर ओतले आणि वाटे घातले. तीन ढीग, तिन्ही सारखे. काकांनी आपला उचलून कनवटीला लावला. तात्यानं आपला ढीग नीट मोजला.

“आणि पत्त्यांचे?” त्यानं विचारलं.

“कसल्या पत्त्यांचे?”

“दहा दिवसांत सहा लागल्या. चार तुमच्या. मागचं मागत नाही, पण इथून पुढं पत्त्यांचे वेगळे.”

दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या ढिगातून पैसे काढून सरकवले. तात्यानं तेही मोजले.

“उद्यापासून पाचला बसायचं,” तात्या म्हणाला. “आधी मी सूर लावीन. तुम्ही मागून यायचं.”

“साडेपाचला,” दादा म्हणाला. “पाचला नळाला पाणी येतं.”